कॅमेरा घेण्याआधी



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. संध्याकाळी दाराची कडी वाजली. पाहते तो माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या मुलीला घेऊन उभी. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षे शिकवले, त्यामुळे अशा मुली अधूनमधून घरी येत असतात. चहा झाला, घरची विचारपूस झाली. नवरा साखर कारखान्यावर हंगामी कामगार, ही स्वतः अंगणवाडीत मदतनीस, घरात थकलेली सासू. मुलगी बारावीला, कला शाखेत.

मग तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कर्जाचा अर्ज होता. रक्कम ऐंशी हजार. नवऱ्याची सही झाली होती, तिची बाकी होती.

"बाई, हिला फोटोग्राफी करायचीय. हिचा मामा म्हणतो, एकदा कॅमेरा घेतला की दुसऱ्या महिन्यापासून लग्नाच्या ऑर्डरी. हप्ता आपोआप फिटतोय. हिचे वडील म्हणतात, पोरगी घरात बसण्यापेक्षा बरं. पण माझा हात काही सहीला धजंना. करू का नको, तेवढं सांगा."

मुलगी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, मला आधी शिकायचंय. कॉलेजात फोटोग्राफी शिकवतात म्हणे. पण मामा म्हणतात, फोटो काढायला कसलं कॉलेज? मोबाइल तर सगळ्यांच्याच हातात आहे."

मामाचा हा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांत विचारला जातो. प्रश्न चुकीचा नाही. पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवणाऱ्या आईबापांनी तो विचारलाच पाहिजे. म्हणून आजचे सदर त्याच विषयावर.

मी तिला एवढेच म्हटले, "सही आठ दिवस थांबव. शनिवारी आपण तिघी सांगलीला जाऊ. आमच्या ओळखीचे एक फोटोग्राफर आहेत, चाळीस वर्षे स्टुडिओ चालवलाय. त्यांना विचारू."

शनिवारी सकाळी साताऱ्याहून गाडी पकडली. कोरेगाव, रहिमतपूर मागे पडले आणि मसूर आले, तेव्हा मी त्या दोघींना खिडकीतून गाव दाखवले. नामदेवराव व्हटकर यांचे हे गाव. १९२१ सालचा त्यांचा जन्म. लेखक, नाटककार आणि चित्रपट काढणारा माणूस. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला मुंबईत अंत्ययात्रा निघाली. सारा समाज रडत होता. त्या दुःखातही हे सारे फिल्मवर उतरले पाहिजे, पुढच्या पिढ्यांना दिसले पाहिजे, हे व्हटकरांना सुचले. त्यासाठी त्यांनी आपला छापखाना गहाण टाकला आणि चित्रीकरण करवून घेतले. मुंबईचा तो जनसागर आज आपल्याला डोळ्यांनी पाहता येतो, त्यात मसूरच्या या माणसाचे मोठे ऋण आहे.

माझी विद्यार्थिनी लगेच म्हणाली, "म्हणजे कर्ज काढावं, असंच झालं की बाई!"

शाळेतही ती अशीच बरोबर जागी बोट ठेवायची. मी म्हटले, "अगं, त्यांनी छापखाना गहाण टाकला तेव्हा त्यांना सिनेमाचं काम माहीत होतं. फिल्म कुठं मिळते, खर्च किती येतो, कोणाला बोलवायचं, हे ठाऊक होतं. ज्याला काम येतं त्याचं कर्ज वेगळं आणि ज्याला अजून यायचंय त्याचं वेगळं." ती काही बोलली नाही, पण पिशवीतला कागद तिने चाचपून पाहिला.

सांगलीचे ते फोटोग्राफर आता साठीच्या पुढे आहेत. दहावी नापास झाल्यावर एका स्टुडिओत पाणी भरायला लागले, तिथेच हाताला वळण लागले. त्यांनी आम्हाला आतली एक अडगळीची खोली दाखवली. तीच त्यांची जुनी डार्करूम. लाल दिवा, डेव्हलपरचे आणि हायपोचे ट्रे, एन्लार्जर. पांढऱ्या कागदावर चेहरा हळूहळू उमटताना पाहिला की जेवण सुचत नसे, म्हणाले. मग डिजिटल कॅमेरा आला. रोल गेला, डार्करूम गेली, कॉम्प्युटर आला. "मला माउस धरता येत नव्हता. फोटोशॉपसाठी पोरं ठेवली. धंदा माझा आणि किल्ली त्यांच्या हातात." साऱ्या जगाला रोल पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे सांगलीच्या एका स्टुडिओची काय कथा! पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, दुकानात पाणी शिरले आणि तीस वर्षांच्या निगेटिव्ह चिखलात गेल्या. दुसरी प्रत कुठे ठेवलेलीच नव्हती. प्रती दोन ठिकाणी जपून ठेवायच्या असतात, हेही त्यांना कोणी शिकवले नव्हते.

मग त्यांनी मुलीला जवळ बोलावले. "तुझ्या मोबाइलवर माझा एक फोटो काढ बघू."

तिने त्यांना दारासमोर, रस्त्याकडे पाठ करून उभे केले आणि फोटो काढला. रस्ता लख्ख आला, दुकानाची पाटी आली, पण काकांचा चेहरा काळाठिक्कर.

"असं का झालं?" त्यांनी विचारले. तिला सांगता येईना.

"पोरी, कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, त्याला नुसता उजेड कळतो. माझ्या पाठीमागं ऊन होतं. त्यानं त्या उन्हाचा हिशेब धरला आणि मला अंधारात टाकलं. आता मी दाराकडं तोंड करतो, तू रस्त्याच्या बाजूला जा." तिने पुन्हा काढला. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. काका म्हणाले, "हे एक आज मी सांगितलं. कॉलेजात चार वर्षं कोणी ना कोणी रोज सांगतं, आणि चुकलं की का चुकलं ते दाखवतं. मला हे एकेक कळायला दहा-दहा वर्षं गेली, आणि गिऱ्हाइकाचे फोटो बिघडवून कळलं. कॅमेरा पाच वर्षांत जुना होतो. उजेडाचं शिक्षण जुनं होत नाही."

मामाच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. मोबाइलवर फोटो निघतो हे खरेच. पण दिवसा, उजेडात, कॅमेऱ्याच्या मर्जीने निघतो. पैसे घेऊन काम करणाऱ्याला तो रात्रीच्या मांडवात, पावसात, रंगीबेरंगी दिव्यांत, आपल्या मर्जीने काढावा लागतो. आणि लग्नात पुन्हा एकदा हार घाला असे म्हणता येत नाही.

आता कॉलेजात नेमके काय शिकवतात, ते आईवडिलांना कळावे म्हणून थोडक्यात सांगते. नळाखाली बादली भरायची असेल तर दोन गोष्टी आपल्या हातात असतात: तोटी किती उघडायची आणि किती वेळ चालू ठेवायची. कॅमेऱ्यातही तसेच आहे. भिंगाचे छिद्र लहानमोठे करता येते, त्याला अॅपर्चर म्हणतात. ते किती वेळ उघडे राहील ते शटर ठरवते. तिसरी गोष्ट आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही चित्र उजळ करण्याची सोय. पण ती फार वाढवली की फोटोवर रवाळ दाणे येतात. या तिघांचा मेळ घालणे हे पहिले शिक्षण. पुढे भिंगे, स्टुडिओतले दिवे, रंग, चौकटीची मांडणी, कॉम्प्युटरवरचे संस्करण, छपाई आणि जाहिरातीचे काम. शिवाय चित्रकला. हात कितीही कच्चा असला तरी पेन्सिल धरावीच लागते, कारण चित्र काढणाऱ्याला पाहायची सवय लागते.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या लोकांना विशेष जाणवेल. या मुलीच्या आजीचा एक फोटो घरच्या अल्बममध्ये होता. कुठल्याशा लग्नात काढलेला. फोटोवाल्याने आजीला इतके गोरे करून दिले होते की म्हातारीने पाहून विचारले, "ही कोण बया?" सारे हसले. पण हसण्यासारखे त्यात काही नाही. जन्मभर उन्हात राबलेल्या बाईचा रंग हा बिघाड समजून पुसून टाकला होता.

हे फक्त आपल्या गावातच होते असे नाही. कोडॅक कंपनी पूर्वी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचे कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. त्या कार्डांना शर्ली कार्ड म्हणत. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर. मग काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे बिघडले तरी कोणाला त्याची फिकीर नव्हती. लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांनी आमचे तपकिरी रंग नीट येत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा कुठे फिल्म सुधारू लागली! सावळ्या चेहऱ्यावर उजेड कसा टाकायचा, कॅमेऱ्याचा हिशेब किती बदलायचा, हे शिकण्याचे शास्त्र आहे. ज्याला ते येत नाही, तो माणसाला गोरे करून मोकळा होतो. आपली मुले ते शिकली तर आपल्या आया-आज्या फोटोत जशा आहेत तशा येतील.

कोणी म्हणेल, ही नव्या काळाची थेरे आहेत. तसे नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकलेबरोबर त्यांनी फोटो काढणे, धुणे, छापणे याचे प्रयोग केले. प्राचार्य गज्जर यांनी त्यांना संस्थेचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. पुढे त्यांनी गोध्र्याला स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छपाईचा धंदा केला. संकटे कमी आली नाहीत. पण हातात विद्या होती म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा उभे राहिले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. ते कलाभवन सयाजीराव महाराजांनी काढलेले. त्याच १९१३ साली त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला शिकायला गेले. शिकणाऱ्याच्या पाठीशी योग्य वेळी कोणी उभे राहिले तर काय घडते, ते या एका सालात दिसते.

आता आपल्या मुलांसाठी कोणत्या वाटा आहेत ते पाहू.

पहिली वाट बी.एफ.ए.ची. बारावीनंतर चार वर्षांची ही पदवी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून चालते. त्यात उपयोजित कला, म्हणजे अप्लाइड आर्ट, हा विभाग घेतला की जाहिरात, अक्षरकला, मांडणी यांच्याबरोबर फोटोग्राफीचा अभ्यास होतो. प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असते. अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात. पुष्कळ मुले इथेच चुकतात. निकालानंतर जागी होतात तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिल्या तर हात तयार होतो. मुंबईचे जे. जे. नावाजलेले आहेच, पण आपल्या भागातही सांगलीला कलाविश्व महाविद्यालय आहे, कोल्हापूरला कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आहे.

दुसरी वाट दहावीनंतरची. आय.टी.आय.च्या अभ्यासक्रमांत 'डिजिटल फोटोग्राफर' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. ज्या घराला लवकर कमावता हात हवा आहे त्यांनी त्याची चौकशी करावी. तिसरी वाट पुण्याची. तिथे भारती विद्यापीठाचे फोटोग्राफीचे स्वतंत्र विद्यालय आहे, आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पदवीनंतर सिनेमाच्या छायाचित्रणाचे शिक्षण मिळते.

कॉलेज निवडताना जाहिरातीवर जाऊ नका. स्वतः जाऊन पाहा. स्टुडिओ आहे का? दिवे चालू आहेत का? कॉलेजचा कॅमेरा मुलांच्या हातात देतात की कपाटात ठेवतात? शेवटच्या वर्षाच्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, ती खरे सांगतात.

फीच्या बाबतीत घाबरून जाऊ नका आणि गाफीलही राहू नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी आईवडिलांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते, ही तयारी अकरावीतच करून ठेवा. परगावी शिकायला जाणाऱ्यांसाठी समाजकल्याणची वसतिगृहे आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. मात्र प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात एक प्रश्न विचाराच: हा अभ्यासक्रम शिष्यवृत्तीला मान्य आहे का? खासगी आणि अभिमत संस्थांत तर उत्तर लेखी घ्या. पैसे भरल्यावर विचारून काही उपयोग नसतो.

पुढे नोकरीधंद्याचे काय, हा वडिलांचा प्रश्न. लग्नाचे काम आहेच, पण तेवढ्यावर थांबू नये. लग्नसराई संपली की हात रिकामा. आपल्या सांगलीची हळद आणि बेदाणा यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तासगावचा बेदाणा पाकिटात भरून दूरवर विकायचा तर त्याचा चांगला फोटो लागतो. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला लागतो. घरबसल्या साड्या विकणाऱ्या बचत गटालाही लागतो. कासच्या पठारावर फुले पाहायला लोक लांबून येतात. निसर्गाचे फोटो काढणारा तिथलाच का नसावा? शिवाय वृत्तपत्रे, सरकारी माहिती खाते, पुरातत्त्व खाते, संग्रहालये, वैद्यकीय महाविद्यालये, पोलीस तपास, या सगळ्यांना छायाचित्रकार लागतात. नोकरीसाठी पात्रता विचारली जाते, तेव्हा पदवी किंवा प्रमाणपत्र पुढे करावे लागते.

धंद्याचे कायदेही शिकायला हवेत. फोटो मी काढला म्हणजे तो माझाच, असे पुष्कळांना वाटते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी पैसे देऊन आपला किंवा आपल्या घरच्या लग्नाचा फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणून दुसऱ्याच्या मुलीचा लग्नातला फोटो आपल्या दुकानाच्या पाटीवर न विचारता लावू नये. आगाऊ रक्कम किती, फोटो किती, केव्हा द्यायचे, हे कागदावर असावे. भिडेखातर तोंडी ठरवले की भांडण होते आणि नातेही जाते.

आपल्या लग्नांचा एक अनुभव सांगते. एका मंगल परिणयात फोटोवाला भर मंडपात ओरडला, "चला, सप्तपदीची पोझ घेऊ!" त्रिशरण-पंचशील चालू असताना तो बूट घालून मंचावर चढला आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून उभा राहिला. वंदनेचा एकही फोटो नीट आला नाही. वधूवर हात जोडून उभे आहेत, दोन्ही घरचे पांढऱ्या कपड्यांत आहेत, आई डोळे पुसते आहे, यातले काहीच नाही. आणि आहेराच्या भांड्यांचे मात्र चाळीस फोटो. त्याने मुद्दाम केले असे नाही. त्याला आपला विधी माहीत नव्हता. जो विधी जाणतो त्याला कोणता क्षण कधी येणार हे आधी कळते. आपल्या शिकलेल्या मुलांना हे काम मागायला जावे लागणार नाही, लोक घर शोधत येतील.

"पण मुलीच्या जातीला हे झेपेल का? रात्री-अपरात्री मांडवात जायचं," माझ्या विद्यार्थिनीने सांगलीहून परत येताना विचारले. मी तिला होमाई व्यारावाला यांच्याबद्दल सांगितले. १९१३ सालचा जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. भारतातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या पुढाऱ्यांच्या सभांना जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. अडचणी आहेत, हे मी लपवले नाही. पोरींनी एकटीने रात्रीचे काम घेऊ नये, दोघी-तिघींनी मिळून घ्यावे, जाण्यायेण्याची सोय आधी ठरवावी. पण अडचण आहे म्हणून वाट सोडायची नसते.

आणि आपल्यातलेच एक उदाहरण सांगितले. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे. वृत्तपत्रात छायाचित्रकार म्हणून काम करताना त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले. गटारात उतरलेली माणसे, कचऱ्याच्या गाडीवरची माणसे, त्यांची घरे, त्यांची मुले. शहर ज्यांच्याकडे पाहत नव्हते त्यांच्याकडे पाहायला लावले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कॅमेरा एवढेही करू शकतो.

गाडी साताऱ्याला पोहोचेपर्यंत कर्जाचा अर्ज पिशवीतच राहिला. घरी गेल्यावर तिने तो नवऱ्यापुढे ठेवून सांगितले, "एवढा हप्ता भरायची ताकद असंल, तर ते पैसे पोरीच्या कॉलेजला ठेवू." वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतः तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभे राहिले. मामा अजून थोडे रुसलेले आहेत.

मुलीने सीईटी दिली. पहिल्या यादीत नाव नव्हते, दुसऱ्या यादीत लागले. आता ती कोल्हापूरच्या एका कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहात राहते. शिष्यवृत्तीचा हप्ता एकदा फार उशिरा आला, तेव्हा आईने कानातले गहाण ठेवले होते, ते सोडवलेही. सुट्टीत आणि काही रविवारी ती सांगलीच्या त्या काकांकडे मदतनीस म्हणून जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या साताऱ्यात कमवा आणि शिका हा मंत्र रुजवला, तिथल्या मुलीला ते नवीन सांगावे लागले नाही. त्या कमाईतून तिने जुना, वापरलेला कॅमेरा अठरा हजारांना घेतला. काकांनी तपासून दिला. कर्ज एक रुपयाचेही नाही.

तेव्हा पालकांना माझी विनंती आहे. मुलाने किंवा मुलीने वेगळी वाट मागितली तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच कर्जाच्या कागदावर सहीही करू नका. एक दिवस काढा. त्या कामातल्या जुन्या माणसाला भेटा. कॉलेज डोळ्यांनी पाहा. दाखले आधी काढा, वस्तू नंतर घ्या.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी घरी आली होती. आजीला तिने सकाळी अंगणात, पत्र्याच्या सावलीत, दाराकडे तोंड करून बसवले. आजी म्हणाली, "मला गोरी करू नगंस हां, मागल्या वेळंसारखी." आठ दिवसांनी मोठा फोटो छापून आला. कपाळावरचे गोंदण, गालावरच्या सुरकुत्या, ऊस तोडून जाड झालेली बोटे, सारे काही होते. रंग होता तसा होता. आजीने फोटो हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि बराच वेळ पाहिले.

मग म्हणाली, "व्हय, ही मीच हाय."

तो फोटो आता त्यांच्या घरात भिंतीवर लावला आहे. जयभीम.